टायटल रिपोर्टात दिसलेलं कर्ज विम्यावर सोडू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही दोघं एडिसनला भाड्याने राहतो, मुलगी पहिलीत आहे. वर्षभर शोधून शेवटी एक घर मिळालं, ६ लाख ४० हजार डॉलरला. क्लोजिंग, म्हणजे पैसे देऊन घर नावावर करून घ्यायचा दिवस, बारा दिवसांवर आलंय आणि आता घराची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या टायटल कंपनीचा रिपोर्ट हातात पडलाय. त्यात लिहिलंय की विक्रेत्यांनी २०११ साली घराच्या तारणावर घेतलेली होम इक्विटी लाइन, म्हणजे लागतील तसे पैसे काढायचं कर्जखातं, रेकॉर्डवर अजून उघडी आहे. ते म्हणतात, पैसे कधीच फेडले. दुसरं म्हणजे माझ्या नावाच्या कुणावर तरी कोर्टाची दोन जजमेंट, म्हणजे थकलेले पैसे भरण्याचे निकाल, निघाली आहेत. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. विक्रेते पती-पत्नी तीन वर्षांपूर्वी कायमचे हैदराबादला परत गेलेत. त्यांचा भाचा पॉवर ऑफ ॲटर्नीवर सह्या करणार आहे.

ब्रोकर म्हणतो, हे सगळं नेहमीचंच असतं, क्लोजिंगनंतर निस्तरता येतं, टायटल इन्शुरन्स आहेच ना. सर्व्हेची, म्हणजे जागेची हद्द मोजून घेण्याचीही, गरज नाही म्हणतो. ऑफिसातला मित्र सांगतो की बँकेची पॉलिसी तेवढी सक्तीची आहे, स्वतःची घेऊ नकोस, अडीच हजार वाचतील. वकील फोन क्वचित उचलतात. बँकेने बांधून दिलेल्या व्याजदराची मुदत (रेट लॉक) एकोणीस दिवसांत संपते. बायको म्हणते थांबू या. मला भीती वाटते की थांबलो तर घर हातचं जाईल. काय करू?

– स. पा., एडिसन, न्यू जर्सी

---

स. पा.,

तुमच्या पत्नीचं ऐका. घर आवडलंय, भाव ठरलाय, तर ते जरूर घ्या. पण ती लाइन, ती जजमेंट आणि परदेशातल्या विक्रेत्यांचे कागद या तीन गोष्टी निकाली निघेपर्यंत क्लोजिंगच्या टेबलावर बसू नका. मी याच राज्यात वकील म्हणून खरेदी-विक्रीची कामं करते. तुमचा करार मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा. तरी रिपोर्टात जे आहे त्यावर मला ठामपणे बोलता येईल.

सुरुवात ब्रोकरच्या त्या वाक्यापासून करते, कारण सगळी गफलत तिथेच आहे. ‘टायटल इन्शुरन्स आहेच ना.’ गाडीचा किंवा तब्येतीचा विमा उद्या काय होईल त्यासाठी असतो. टायटलचा विमा मागे वळून पाहतो. पॉलिसीच्या तारखेपर्यंत त्या घराच्या मालकीत जे काही बिघडलेलं असेल आणि शोधूनही सापडलं नसेल, त्याची जबाबदारी कंपनी घेते. खोटी सही, न कळलेला वारस, मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटी क्लर्कच्या कचेरीत चुकीच्या नावाखाली चढलेलं कर्ज, अशा गोष्टी. हप्ता एकदाच, क्लोजिंगला भरायचा. शोधात जे सापडतं ते मात्र कंपनी कागदावर मांडते आणि त्याचं काय करायचं ते आधीच ठरवून टाकते.

तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे त्याला टायटल कमिटमेंट म्हणतात. तो पुन्हा उघडा. शेड्यूल ए मध्ये तुमचं नाव, घराचं वर्णन आणि रकमा असतील. शेड्यूल बी चे दोन भाग असतात. पहिल्या भागात कंपनीच्या अटी असतात: हे हे पूर्ण करून दिलंत तर आम्ही विमा देऊ. दुसऱ्या भागात अपवाद असतात: या या गोष्टींचा विमा आम्ही देत नाही. विक्रेत्यांची ती होम इक्विटी लाइन आत्ता बहुधा पहिल्या भागात असेल, बुक नंबर, पान नंबर, तारीख आणि रकमेसकट. ती अट पूर्ण न होता क्लोजिंग झालं तर तो बोजा सरळ दुसऱ्या भागात जाऊन बसतो. मग पॉलिसी तुमच्या कपाटात आणि कर्ज तुमच्या घरावर. ब्रोकर ज्या विम्याचा भरवसा देतोय, तो नेमका याच नोंदीला लागू नसेल. रिपोर्टात दिसलेला दोष विक्रेत्याने, त्याच्या पैशाने आणि क्लोजिंगच्या आधी मिटवायचा असतो.

आता ती लाइन ऑफ क्रेडिट. साध्या गृहकर्जात शेवटचा हप्ता भरला की विषय संपतो. लाइनचं तसं नसतं. शिल्लक शून्यावर आणली तरी खातं चालू राहतं, चेकबुक चालू राहतं आणि घरावरचं तारणही तसंच राहतं. ‘आम्ही कधीच फेडलं’ असं विक्रेते म्हणतात ते खरं असू शकतं. तरीही बोजा जिवंत असू शकतो.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, त्यांची खरेदी दुसरीकडून झाली होती. क्लोजिंगच्या दिवशी विक्रेत्याच्या लाइनची सगळी रक्कम बँकेला पोचली होती, पण खातं बंद करा असं सहीचं पत्र कुणी बरोबर जोडलं नव्हतं. काही दिवसांनी विक्रेत्याने त्याच खात्यातून पुन्हा पैसे काढले. तारण मात्र आता या जोडप्याच्या घरावर होतं. बँकेची पहिली नोटीस त्यांच्या पत्त्यावर आली तेव्हा त्यांना काय झालंय ते कळलंसुद्धा नाही. नशिबाने त्यांच्याकडे स्वतःची मालकाची पॉलिसी होती आणि त्यात ही लाइन अपवाद म्हणून लिहिलेली नव्हती. कंपनीने पैसे भरून बोजा उतरवला. पण त्यात कित्येक महिने गेले आणि त्या काळात त्यांना कर्जाचा व्याजदर बदलून घेता आला नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत दोनच रस्ते आहेत. लाइन अजून चालू असेल तर विक्रेत्यांच्या बँकेकडून लेखी पेऑफ लेटर, म्हणजे खातं पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र, मागवा. शिल्लक शून्य असली तरी मागवायचं. त्यासोबत विक्रेत्यांच्या सहीचं ‘खातं गोठवा आणि बंद करा’ असं पत्र टायटल कंपनीच्या हातात आत्ताच असायला हवं. खातं खरोखर पूर्वीच बंद झालं असेल तर बँकेने तारण मुक्त केल्याचा कागद, ज्याला इथे डिस्चार्ज म्हणतात, तो घराच्या काउंटी क्लर्ककडे नोंदवायचा राहून गेलाय. २०११ ची बँक आज दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते. ती कुठे गेली हे शोधणं टायटल कंपनीच्या रोजच्या कामाचा भाग आहे, फक्त कुणीतरी त्यांच्या मागे लागावं लागतं.

बँकेचा कागद वेळेत आलाच नाही तर विक्रेत्याच्या रकमेतून काही पैसे एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडे राखून, ठेवून क्लोजिंग करू या, असा प्रस्ताव येईल. तो मुळात वाईट नाही. पण एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: ‘माझ्या अंतिम पॉलिसीतून हा अपवाद काढून टाकणार का?’ हो म्हणाले तर पुढे जा. पैसे एस्क्रोत आणि अपवादही जागच्या जागी, अशी तडजोड करू नका.

दुसरी नोंद जजमेंटची. ही तुम्हाला सगळ्यात अपमानास्पद वाटली असणार, पण ती निस्तरायला सगळ्यात सोपी आहे. न्यू जर्सीत टायटल कंपनी विक्रेत्याबरोबर खरेदीदाराच्या नावाचाही शोध घेते. इथे सुपीरियर कोर्टाच्या नोंदवहीत चढलेलं पैशाचं जजमेंट त्या माणसाच्या राज्यभरातल्या कुठल्याही स्थावर मालमत्तेला चिकटतं आणि २० वर्षं टिकतं. त्या माणसाने उद्या नवं घर घेतलं तर त्यालाही चिकटतं. म्हणून तुमची बँक घाबरते.

शोध नावावर चालतो आणि आपली नावं या यंत्रणेला झेपत नाहीत. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं, लायसन्सवर फक्त आद्याक्षर असतं, नोकरीच्या कागदांवर ते गायब असतं. पाटील, जोशी, कुलकर्णी ही आडनावं या राज्यात भरपूर आहेत. पहिलं नावही तेच असलं की मशीन दोघांना एकच माणूस धरतं.

टायटल कंपनीकडून त्या दोन्ही जजमेंटच्या प्रती मागा. त्यावर कर्जदाराचा त्या वेळचा पत्ता आणि निकालाची तारीख असते. तुम्ही कधीच त्या पत्त्यावर राहिलेला नसाल किंवा त्या तारखेला अमेरिकेत आलेलाच नसाल, तर गेल्या काही वर्षांच्या पत्त्यांची यादी आणि पासपोर्टवरचा पहिला प्रवेशाचा शिक्का पुरेसा पुरावा ठरतो. मग ‘तो मी नव्हे’ असं शपथपत्र सही करायचं आणि कंपनी ती नोंद रिपोर्टातून काढते. शपथपत्र हे खरंच शपथपत्र आहे, म्हणून प्रती वाचल्याशिवाय सही नको. जुनं क्रेडिट कार्ड, सोडून आलेल्या अपार्टमेंटचं भाडं, असं काही विसरलेलं त्यात निघालं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

‘नाव वेगळं आहे, सोडून द्या’ असं तोंडी कुणी म्हणालं तर मात्र ऐकू नका. टायटल इन्शुरन्स हा धंदा जन्माला आला तोच अशा ‘सोडून द्या’मुळे. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ साली वॉटसन विरुद्ध म्युअरहेड या खटल्यात निकाल दिला. खरेदीचे कागद तपासणाऱ्या माणसाला मालमत्तेवरची जुनी जजमेंट दिसली होती. वकिलाने सांगितलं की ती लागू होत नाहीत, त्या भरवशावर त्याने खरेदीदाराला मालकी स्वच्छ असल्याचं सांगितलं. पुढे तो बोजा खराच निघाला आणि खरेदीदार बुडाला. कोर्टाने म्हटलं, तपासणाऱ्याने वकिलाचा सल्ला घेऊन प्रामाणिकपणे काम केलं, त्याला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे कुणाचाच दोष नाही आणि पैसे गेले खरेदीदाराचे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियात टायटलचा विमा देणारी पहिली कंपनी उभी राहिली.

आता विक्रेते हैदराबादला आहेत त्याबद्दल. ब्रोकरला यात काही विशेष वाटलं नाही, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ हीच वाटली.

पॉवर ऑफ ॲटर्नीचं आधी सांगते. भाच्याच्या हातात कागद आहे एवढ्याने भागत नाही. तो कागद या घरासाठी, या व्यवहारासाठी, पती आणि पत्नी दोघांनीही केलेला हवा. डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, नाव एकाचंच असलं तरी राहत्या घराच्या विक्रीत दुसऱ्या जोडीदाराची सही टायटल कंपनी सहसा मागतेच. नावांचं स्पेलिंग त्यांच्या जुन्या डीडशी जुळायला हवं. मूळ प्रत हवी, कारण ती डीडबरोबर काउंटी क्लर्ककडे नोंदवावी लागते. सही भारतात झाली असेल तर ती एकतर अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये झालेली हवी (हैदराबादला कॉन्सुलेट आहे, अपॉइंटमेंट घ्यावी लागते), नाहीतर तिथल्या नोटरीपुढे होऊन त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, लागलेलं हवं. अपॉस्टिलसाठी आधी राज्य पातळीवरची साक्षांकनं आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा तो प्रवास असतो. त्याला वेळ लागतो. भाच्याकडचा कागद नुसत्या तिथल्या नोटरीच्या शिक्क्याचा असेल तर बारा दिवस पुरतीलच असं धरून चालू नका. आजच त्याची स्कॅन प्रत टायटल कंपनीला पाठवायला सांगा आणि ‘मंजूर’ असं उत्तर येईपर्यंत बाकी कुठल्याही तारखेला अर्थ नाही. अधिकार देणारी व्यक्ती हयात नसेल तर असा कागद संपतो, म्हणून क्लोजिंगच्या दिवशी कंपनी विक्रेत्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून खात्री करते. ती वेळ हैदराबादच्या घड्याळाप्रमाणे आधीच ठरवून ठेवा.

आता पैशाचं. विक्रेता अमेरिकेच्या कर कायद्याच्या दृष्टीने परदेशी असेल, तर विक्रीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा कापून आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याला, भरायची जबाबदारी खरेदीदारावर असते. म्हणजे तुमच्यावर. या कायद्याला फर्प्टा म्हणतात. एरवीचा दर १५ टक्के. घर तुम्ही स्वतः राहायला घेत असाल आणि किंमत ३ लाखांच्या वर पण १० लाखांपर्यंत असेल तर १० टक्के. तुमच्या घराच्या किमतीवर ते होतात ६४,००० डॉलर. ते विक्रेत्याच्या पैशातून कापायचे आणि व्यवहारानंतर २० दिवसांत फॉर्म ८२८८ बरोबर भरायचे. कापले नाहीत आणि नंतर विक्रेते परदेशी निघाले, तर आयआरएस ती रक्कम तुमच्याकडून मागू शकते. विक्रेते हैदराबादला आणि तुम्ही एडिसनला, मग ते कुणाचं दार ठोठावतील ते सांगायला नको. टायटलची पॉलिसी यात तुमच्या कामाची नाही.

ते कायमचे परत गेलेत म्हणून ते परदेशीच ठरतात असं नाही. ते अमेरिकन नागरिक असतील तर जगात कुठेही राहोत, फर्प्टा लागत नाही. ग्रीन कार्ड अजून चालू असेल तरीही सहसा लागत नाही. तसं असेल तर त्यांनी खोटं ठरल्यास शिक्षेच्या अटीवर ‘आम्ही परदेशी नाही’ असं प्रमाणपत्र द्यायचं, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर आणि पत्ता असतो. हे प्रमाणपत्र त्यांनी स्वतः सही करून पाठवावं, भाच्याच्या सहीवर भागवू नका. ग्रीन कार्ड परत केलं असेल किंवा ते इथे व्हिसावर असतानाच परत गेले असतील, तर पैसे कापावे लागण्याचीच शक्यता जास्त. त्यांचा प्रत्यक्ष कर त्याहून कमी होत असेल तर त्यांना आयआरएसकडे सवलतीचा अर्ज करता येतो. तो क्लोजिंगच्या दिवसापर्यंत दाखल झाला असेल तर उत्तर येईपर्यंत कापलेली रक्कम एस्क्रोत ठेवता येते. त्यांना याची कल्पना नसेल आणि क्लोजिंगच्या सकाळी ६४,००० कापले जाणार हे कळलं, तर ते सही करायला नकार देतील. म्हणून हा प्रश्न तुमच्या वकिलांनी त्यांच्या वकिलांना आज विचारायला हवा.

न्यू जर्सीचा वेगळा राज्य कर आहे, राज्याबाहेर गेलेल्या विक्रेत्याने तो आगाऊ भरायचा असतो. ते काम विक्रेत्याचं. पण त्याचा फॉर्म जोडलेला नसेल तर क्लर्क तुमचं डीड नोंदवूनच घेत नाही, तेव्हा तो तयार आहे ना एवढं विचारून घ्या.

आणि एक साधा प्रश्न: ते दोघं तीन वर्षं हैदराबादला होते, मग या घरात कोण राहत होतं? भाडेकरू असेल तर तो क्लोजिंगआधी निघून गेलेला हवा, ‘महिनाअखेरीस जाईल’ चालणार नाही. या राज्यात भाडेकरूला बाहेर काढणं सोपं नाही आणि ताब्यात असलेल्या माणसाचे हक्क हा पॉलिसीतला नेहमीचा अपवाद आहे. क्लोजिंगच्या दिवशी सकाळी घरात फिरून या, कपाटं उघडून बघा.

तुमच्या मित्राच्या सल्ल्याला मी साफ नाही म्हणते. बँकेची पॉलिसी बँकेचं कर्ज वाचवते, तुमचं घर वाचवत नाही. तिची रक्कम कर्ज फिटेल तशी घटत जाते आणि तुम्ही भरलेलं डाउन पेमेंट तिच्यात कधीच नसतं. मालकाची पॉलिसी खरेदीच्या पूर्ण रकमेची असते आणि घर तुमच्याकडे किंवा तुमच्या वारसांकडे असेपर्यंत चालते. त्यातही अडीच हजार वाचतील हा हिशोब चुकतो. न्यू जर्सीत दोन्ही पॉलिसी एकत्र घेतल्या की बँकेची जवळजवळ फुकटात पडते. एकटी घेतली की तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो. त्यामुळे खरी बचत त्यापेक्षा बरीच कमी. हप्त्याचे दर राज्याकडे नोंदवलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीत गेलात तर हप्ता फारसा बदलणार नाही. घासाघीस करायचीच असेल तर सेटलमेंट फी आणि बाकीच्या किरकोळ आकारांवर करा.

सर्व्हे करा. सर्व्हे नसेल तर हद्दीच्या सगळ्या भानगडी पॉलिसीतून वगळल्या जातात. शेजाऱ्याचं कुंपण चार फूट आत असलं तरी तुम्हाला कळणार नाही. घराच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. बाकी दोन गोष्टी साध्या पॉलिसीत बसत नाहीत आणि या भागात हमखास निघतात: परवानगीशिवाय केलेलं बेसमेंट आणि अंगणात पुरलेली जुनी तेलाची टाकी. पहिल्यासाठी टाउनशिपच्या बिल्डिंग खात्यात उघडे परमिट आहेत का ते विचारा, दुसरीसाठी टाकी शोधणारा माणूस यंत्र घेऊन येतो. इन्स्पेक्शनच्या वेळी हे झालं नसेल तर या आठवड्यात उरका.

मग तारखेचं काय? घर हातचं जाईल ही भीती मी समजू शकते, मुलीची शाळाही त्याला जोडलेली असणार. पण इथल्या बहुतेक करारांत क्लोजिंगची तारीख अंदाजे असते. ती उलटली म्हणून करार आपोआप मोडत नाही. कुणाला घाई करायचीच असेल तर वकिलामार्फत ठरावीक तारखेची नोटीस द्यावी लागते आणि त्यातही वाजवी मुदत असते. ज्या विक्रेत्याचं स्वतःचं टायटल स्वच्छ नाही, तो तुम्हाला असं पत्र पाठवायच्या स्थितीत नाही. विक्रेत्याने विमा मिळण्याजोगं टायटल द्यायचं आणि ते जमलं नाही तर तुमची अनामत रक्कम परत करायची, असं कलम करारात सहसा असतं. तुमच्या करारात ते शोधा. रेट लॉक वाढवायला बँक पैसे घेईल. उशीर विक्रेत्याच्या कागदांमुळे होतोय, तेव्हा तो खर्च त्यांनी द्यावा असं वकिलांनी मागायला हरकत नाही. बऱ्याचदा ते देतातही.

तारीख पुढे ढकललीत तर एक बारीक गोष्ट विसरू नका. तुमच्या वकिलांनी किंवा टायटल कंपनीने काउंटीत नोटीस ऑफ सेटलमेंट नोंदवली असेल. मधल्या दिवसांत विक्रेत्यावर नवा बोजा चढला तरी तो तुम्हाला लागू नये यासाठी ती असते आणि ६० दिवस चालते. ती कधी नोंदवली ते विचारा, संपत आली असेल तर पुन्हा नोंदवायला सांगा.

वकील फोन उचलत नाहीत तर फोन करूच नका. एक ईमेल लिहा आणि टायटल कंपनीलाही त्यात ठेवा. लाइन बंद झाल्याचा पुरावा कुठे आहे, जजमेंटच्या प्रती कधी मिळतील, पॉवर ऑफ ॲटर्नी कंपनीने मंजूर केली का, विक्रेते फर्प्टाखाली येतात का आणि माझ्या अंतिम पॉलिसीत कोणते अपवाद राहणार, हे पाच प्रश्न विचारा. शेवटी लिहा की उत्तरं मिळेपर्यंत मी पैसे वायर करणार नाही. या ओळीनंतर उत्तर येतं. दोन दिवसांत आलं नाही तर वकील बदला, तो तुमचा हक्क आहे आणि अजून वेळ आहे.

वायरचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण यात गेलेले पैसे बहुतेक परत येत नाहीत. क्लोजिंगच्या एक-दोन दिवस आधी ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल येऊ शकतो. टायटल कंपनीचा लोगो, तुमच्या फाइलचा नंबर, सगळं बरोबर असेल. तसा ईमेल आला तर तो खोटा समजा. वायर करण्याआधी कंपनीला फोन करा, ईमेलमधल्या नंबरवर नको, पहिल्या भेटीत मिळालेल्या कार्डावरच्या नंबरवर करा आणि खाते क्रमांक तोंडी वाचून पडताळा. टायटल कंपनीच्या एजंटनेच पैसे खाल्ले तर विमा कंपनी भरपाई देते, त्याचं वेगळं पत्र असतं, ते मागून घ्या. पण चोराच्या खात्यात तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे त्या पत्रात बसत नाहीत. भारतातून आईवडिलांकडून काही रक्कम येणार असेल तर ती आत्ताच मागवा आणि ती रक्कम भेट म्हणून दिल्याचं पत्र (गिफ्ट लेटर) बँकेच्या नमुन्यात करून घ्या. शेवटच्या आठवड्यात परदेशातून आलेले पैसे कर्ज देणाऱ्या बँकेला चालत नाहीत, ती मुळापासून चौकशी सुरू करते.

डीडवर तुम्हा दोघांचीही नावं घाला, कर्ज एकाच्याच नावावर असलं तरी. पती-पत्नी म्हणून घेतलेलं घर या राज्यात एकाच्या पश्चात आपोआप दुसऱ्याचं होतं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं लिहायला सांगा, आद्याक्षरं नकोत. सहीच्या आधी डीडचा मसुदा पत्नीला वाचायला द्या, दोन जणांच्या नजरेतून स्पेलिंगची चूक सुटत नाही.

क्लोजिंगनंतर काही आठवड्यांनी काउंटी क्लर्ककडे नोंदलेली डीडची प्रत आणि अंतिम पॉलिसी येईल. पॉलिसीचा शेड्यूल बी आजच्या कमिटमेंटशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. २०११ च्या त्या लाइनचा डिस्चार्ज काउंटीच्या रेकॉर्डवर चढलाय का तेही पाहा, काउंटीच्या साइटवर विक्रेत्याच्या नावाने शोधलं की दिसतं. तीन महिन्यांतही दिसला नाही तर टायटल कंपनीला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत पॉलिसीबरोबर ठेवा.